चाळ गिरगावची, भिंत कुणाची?

प्रश्न : ताई, गेम एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्टच्या नोकरीसाठी मी पोर्टफोलिओ करतोय. अनरिअल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गिरगावच्या चाळीचा सीन उभा केलाय, पण भिंती, फरशी, झाडं, जिना सगळं रेडीमेड, मेगास्कॅन्स या खऱ्या वस्तू स्कॅन करून बनवलेल्या लायब्ररीतलं. मित्र म्हणतो ही चीटिंग आहे. सगळं पुसून स्वतः करू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पुसू नकोस रे बाबा! रेडीमेड अ‍ॅसेट, म्हणजे सीनमध्ये ठेवायच्या तयार वस्तू, स्टुडिओतही सर्रास वापरतात. मेगास्कॅन्स बनवणारी क्विक्सेल ही मूळची स्वीडनची कंपनी अनरिअल बनवणाऱ्या एपिकनं २०१९ मध्ये घेतली, ती लायब्ररी २०२४ अखेरपर्यंत अनरिअलवाल्यांना फुकट ठेवली, आणि तेव्हापासून दर दुसऱ्या पोर्टफोलिओत तोच शेवाळलेला खडक भेटतो.

माझंच सांगते. पहिल्या मुलाखतीला मी गोदामाचा सीन नेला होता. समोरच्या गृहस्थांनी एका लाकडी पिंपावर बोट ठेवलं. "हे पिंप सकाळपासून तिसऱ्यांदा बघतोय. वायरफ्रेम दाखवा." वायरफ्रेम म्हणजे मॉडेलचा रेघांचा सांगाडा. दाखवणार काय, कपाळ? पिंप विकतचं होतं आणि तसं मी कुठे लिहिलंही नव्हतं. लायटिंग खरोखर माझं होतं, पण ते सांगायला तोंडच उरलं नाही.

तुझी खरी अडचण वेगळीच आहे. ती भिंत गिरगावची वाटत नाही. आपल्याकडे पाइपच्या सांध्याखाली काळा ओघळ उतरतो, सज्जाच्या भेगेत पिंपळ उगवतो. कठड्याची वरची पट्टी हात लागून लागून गुळगुळीत झालेली असते, खाली मात्र ऑइलपेंटचे पापुद्रे, एकाखाली एक तीन रंगांचे. ढगाळ दिवस बघून जा (कडक उन्हाच्या सावल्या फोटोतून टेक्स्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चित्रात, उतरल्या की काढता काढता जीव जातो), चाळकऱ्यांना विचार आणि फोटो काढ.

कठडा, जिना, दारं स्वतः मॉडेल कर. रंग उडालेल्या लाकडाची एक ट्रिम शीट (अनेक वस्तूंना पुरणारं पट्ट्यापट्ट्यांचं एकच टेक्स्चर) नीट जमली की तिन्ही त्यातूनच निघतात. टेक्सेल डेन्सिटी, म्हणजे तेवढ्याच जागेत टेक्स्चरचे किती पिक्सेल बसतात ते, तेवढी जुळव, नाहीतर स्कॅनच्या फरशीशेजारी तुझा कठडा धूसर दिसेल. झाडपाला राहू दे रेडीमेड.

चित्राखाली सरळ लिही : कठडा, जिना, दारं माझी, बाकी मेगास्कॅन्स. सोबत वायरफ्रेम जोड. फक्त लायटिंगच्या कामासाठी अर्ज करणार असशील, तर सगळं रेडीमेड असलं तरी चालेल, तेही लिहूनच.

आणि हो, चाळीत पाण्याचं पिंप ठेवणार असशील, तर ते मात्र स्वतः कर. निळं, प्लॅस्टिकचं, झाकणावर उपडा तांब्या.