गोव्याचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

ठाण्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. नवरा-बायको दोघांचा मिळून पगार महिना ८५ हजार. घरी सात वर्षांचा लॅब्रॅडोर, ब्रुनो. त्याला घेऊन मे महिन्यात सहा दिवस गोव्याला जायचंय, खर्चाचा अंदाज ७५ हजार. प्रश्न असा, की पर्सनल लोन काढावं की उरलेली १ लाखाची एफडी मोडावी?

‘उरलेली’ या शब्दाला मी अडखळलो. खाली लिहिलंय : ‘३ लाखांची एफडी होती. त्यातले २ लाख बँकेतल्या मॅडमनी जास्त व्याजाच्या योजनेत टाकून दिले. ७ टक्के गॅरंटीड. १२ तारखेला त्याचं जाड पुस्तकही घरी आलं.’

अहो, एफडीचं जाड पुस्तक येत नाही. पुस्तक आलं म्हणजे विमा पॉलिसी आली. तुम्हीच पाठवलेल्या फोटोत स्वच्छ छापलंय : हप्ता २ लाख, दरवर्षी, १० वर्षं. म्हणजे महिन्याला जवळपास १७ हजार बाजूला पडायला हवेत. सहलीसाठी कर्ज शोधणारं घर पुढच्या वर्षी आणखी २ लाख कुठून आणणार?

आणि ते ७ टक्के? २० लाख भरायचे, पंधराव्या वर्षाअखेर ३४ लाख मिळणार. नफा १४ लाख, म्हणजे ७० टक्के. भागिले दहा, झाले ७! असं व्याज शाळेतसुद्धा काढत नाहीत. पैसे पंधरा वर्षं अडकणार हे धरलं, तर हाती पडतात जेमतेम ५ टक्के. तुमची मोडलेली एफडी याहून बरी होती. विमा म्हणाल तर २० लाखांचा. एक कोटीचा साधा टर्म प्लॅन (म्हणजे नुसता विमा, मुदतीअखेर पैसे परत नाहीत) तुमच्या वयाला वर्षाला १५-२० हजारांत मिळतो.

सुदैवाने पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात, आणि मॅडमनी हे सांगितलं नसणारच. आज २ तारीख, म्हणजे आठ-नऊ दिवस उरलेत. म्हणून हे उत्तर छापण्याआधीच तुम्हाला मेल केलंय. तुमची ईमेल मात्र तपासा. पॉलिसीची पीडीएफ १२ तारखेच्या आधी आली असेल, तर दिवस तेव्हापासूनच मोजले जातील असं धरून चला. अर्ज विमा कंपनीच्या नावाने लेखी द्या, शिक्क्याची पोच घ्या, शिवाय मेलही करा. ‘दोन दिवस थांबा सर, मी बघते’ याला होकार देऊ नका. ते दोन दिवस तुमच्या ३० मधलेच आहेत. जितके दिवस विमा चालू होता तितक्या दिवसांचा थोडा हप्ता, स्टॅम्प ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च कापून बाकीचे पैसे परत येतात. कंपनीने टाळाटाळ केली तर तक्रार करायला विमा लोकपाल आहेत. (कंपनीच्या पडताळणीच्या फोनवर ‘सगळ्याला हो म्हणा’ असं मॅडमनी सांगितलं होतं ना? तेही लिहून ठेवा.)

आता ब्रुनो. लोन नको. ७५ हजारांवर १६ टक्क्यांनी दोन वर्षांत १३ हजार व्याज जाईल, प्रोसेसिंग फी वेगळी. एफडीही मोडू नका, तुमच्याकडे अडीअडचणीला तेवढीच आहे. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (दोन बर्थची बंद खोली) लागतो आणि तो मिळेलच याची खात्री नसते. नाही मिळाला तर ब्रुनो गार्डच्या डब्यातल्या पेटीत. त्यापेक्षा तुमची वॅगनआर काढा, पहाटे निघा, दापोली किंवा गुहागरला चार दिवस घरगुती सोय बघा. २५ हजारांत बसवा आणि तीन महिने साठवून जा. मेऐवजी दिवाळीनंतर गेलात तर वाळूवर त्याचे पायही भाजणार नाहीत. गोचिडांचं औषध निघण्याआधी लावून घ्या.

घरमालकांना फोनवर ‘कुत्रा चालेल का’ एवढंच विचारू नका. चालेल म्हणतात आणि गेल्यावर अंगणात बांधायला सांगतात. रात्री खोलीत झोपू देणार का, ते विचारा. पण तो फोन दुपारी करा. सकाळी तुम्हाला पोच घ्यायला जायचंय.