वाचकांचे प्रश्न : नाणी जमवायला कोणते वय योग्य?

प्रश्न : मी 62 वर्षांचा असून लेखनिकाच्या नोकरीतून निवृत्त झालो आहे. आईच्या पश्चात तिच्या पेटीत राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेले तीन राणीछाप रुपये, चारमिनारचे चित्र असलेली काही नाणी आणि मूठभर भोकाचे पैसे सापडले. तेव्हापासून नाणी जमवावीत असे मनात आहे. परंतु मित्र म्हणतात की हा शाळकरी मुलांचा उद्योग आहे. या वयात सुरुवात करणे हास्यास्पद ठरेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे. मला भेटलेल्या संग्राहकांना सुरुवातीचे वय विचारले की बहुतेकांचे उत्तर तिसरी-चौथीची इयत्ता असे येते, नाहीतर पन्नाशी उलटल्यानंतरचे. मधली बरीच वर्षे रिकामी असतात. लहानपणी जमवलेला डबा दहावीच्या सुमारास माळ्यावर जातो, पुढे नोकरी आणि संसार येतो आणि मुले हाताशी आली की तोच डबा पुन्हा खाली उतरतो. म्हणजे साठीत नाणी जमवणारे पुष्कळ जण वास्तविक परतलेले असतात. आपण मात्र खरोखरच नवे आहात, आणि आपली सुरुवात बाजारातून न होता घरातल्या पेटीतून झाली आहे, ही मला मोठी जमेची बाजू वाटते.

त्या पेटीकडे जरा नीट पाहा. सोलापूर इंग्रजी अमलात होते, तर जेमतेम 45 किलोमीटरवरचे तुळजापूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. इकडे कलदार, म्हणजे राणीछापसारखा इंग्रजी रुपया चाले, तिकडे निजामाचा हाली सिक्का. चारमिनारची नाणी ही त्या हालीतली. दोहोंची किंमत सारखी नव्हती; सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब असे. आपल्या आईचे माहेर सीमेपलीकडचे होते का, हे आपण लिहिलेले नाही. तसे असल्यास एकाच पेटीत राणीछाप आणि चारमिनार शेजारी शेजारी का पडले, याचे उत्तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसांकडून आजच लिहून घ्यावे. दहा वर्षांचा मुलगा ही नाणी विकत घेऊ शकेल, पण ती घरात कशी आली हे त्याला कोण सांगणार?

राणीछाप रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम, आणि त्यात जवळपास 92 टक्के चांदी. वापराने थोडे वजन घटलेले असू शकते; फार तफावत दिसली तर नाणे ओतीव नक्कल असल्याचा संशय घ्यावा. नाण्यावर 1862 हे साल असले तरी ते त्याच वर्षी पाडले गेले असे समजू नये, कारण टांकसाळींनी 1874 पर्यंत रुपयावर तेच साल कायम ठेवले होते आणि नंतरची पाडणी ओळखण्यासाठी तज्ज्ञ त्यावरील बारीक ठिपके मोजतात. हे ठिपके उघड्या डोळ्यांना, विशेषतः आपल्या वयाच्या डोळ्यांना, सहज दिसणार नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग ही आपली पहिली खरेदी असावी. सराफ हे रुपये चांदीच्या भावाने मोडीत घेईल, म्हणून कोणताही निर्णय घेण्यापूर्वी ते जाणत्या संग्राहकाला दाखवावेत. भोकाचा पैसा 1943 ते 1947 या काळातला. महायुद्धात धातूची टंचाई झाल्याने मध्ये छिद्र ठेवून तो पाडला गेला. त्याला फार किंमत येत नाही, पण संग्रहात त्याची जागा पक्की आहे.

आणखी एक भांडवल आपल्याजवळ आहे, ते स्मरणाचे. दशमान पद्धत 1 एप्रिल 1957 रोजी आली. 1964 मध्ये तीन पैशांचे षटकोनी ॲल्युमिनियमचे नाणे निघाले. आपण ते हाताळलेले असणार. त्या नाण्यात काय मिळत असे, ते दुकानदार निमूटपणे घेत असे की कुरकुरत असे, याची नोंद आपण नाण्याच्या पाकिटावर करू शकता. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद झाली. आजच्या शाळकरी मुलाला ‘चार आणे’ हा केवळ बोलण्यातला शब्द उरला आहे.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. पाहुण्यांकडून नाणी मागून घेतो आणि दर आठवड्याला ती घासून चकचकीत करतो. हा नाद वयाच्या मानाने लवकर लागला आहे का?
— एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : नाद लवकर लागलेला नाही, घासणे मात्र आजच थांबवावे. मीही दहाव्या वर्षी आजोबांचे तांब्याचे पैसे चिंचेच्या कोळाने लखलखीत केले होते आणि त्यांवरचा शंभर वर्षांचा गडद रंग कायमचा घालवला होता. संग्राहक तो रंग राखतात. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. नाणे बोटांच्या चिमटीत कडेने धरावे, एवढे शिकवले तरी पुरे.

या वयात विकत काहीही घेऊ नये. वाण्याकडच्या सुट्ट्या पैशांतच वर्षभराचा अभ्यास आहे. सालाच्या आकड्याखाली पाहायला सांगा : चौकटीसारखी खूण असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालचा रुपया चारही टांकसाळींचा मिळवणे हा नऊ वर्षांच्या मुलाला झेपणारा आणि तरीही दमवणारा उद्योग आहे. सुट्ट्यांत 1999 सालचा ज्ञानेश्वरांचा रुपया मिळाला, तर पंढरपूरच्या जिल्ह्यातल्या मुलाला त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही. आठवीनंतर त्याने सारे सोडून दिले तर रागावू नका, फक्त डबा रद्दीत देऊ नका.

प्रश्न : मी 33 वर्षांचा असून यंत्रमागावर काम करतो. जुने नाणे लाखो रुपयांना विकले जाते, अशा जाहिराती मोबाइलवर येतात. कमाईसाठी आता सुरुवात करावी का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कमाईसाठी करू नये. अशा जाहिरातींत आधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘कर’ म्हणून पैसे मागितले जातात आणि नंतर फोन बंद होतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट केले आहे की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी तिने कोणालाही नेमलेले नाही.

वयाचे म्हणाल, तर दामोदर धर्मानंद कोसंबी नाण्यांकडे वळले ते साधारण आपल्याच वयात. ते मूळचे गणिती, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असत. हातोहात फिरताना नाणे झिजते, म्हणून प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारून केलेल्या, नाण्यांच्या ढिगांची वजने तपासून त्यांचा काळ मागेपुढे लावता येईल, असे त्यांनी दाखवले, आणि ही पद्धत पडताळण्यासाठी चालू चलनातली हजारो नाणी स्वतः वजन केली. आपल्या खिशातही चिल्लर असेलच. पगाराच्या दिवशी त्यातल्या दहा-वीस नाण्यांची साले वाचून वहीत उतरवा. महिनाभरात कंटाळा आला, तर खर्च वहीचाच झालेला असेल.