चर्चच्या पाळकांना विचारा: माझ्या विश्वासानं नवरा तरेल का?

प्रश्न: रविवारी सकाळी थ्री फेज लाईट असते, त्यामुळं नवरा चर्चऐवजी उसाला पाणी पाजायला जातो. दारू नाही, मारहाण नाही, माझ्या येण्यालाही विरोध नाही. ‘तुझे व तुझ्या घराण्याचे तारण होईल’ असं बायबलमध्ये वचन आहे ना? मग पापांतून सुटायला येशूवरचा माझा विश्वास त्यांना पुरेल का?
– एक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर: ताई, ते वचन फिलिप्पै शहराच्या तुरुंगाधिकाऱ्याला दिलेलं आहे (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६). पण लगेच पुढची ओळ वाचा: येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौल आणि सीला यांनी त्याच्या घरातल्या सगळ्यांना देवाचं वचन ऐकवलं. तारण म्हणजे रेशनकार्ड नव्हे, की एकीनं अंगठा लावला आणि घरादाराचं धान्य आलं. ज्याचा त्यानं विश्वास ठेवायचा. इफिसकरांस पत्र २:८-९ प्रमाणे तारण कृपेनं, कर्मानं नाही. म्हणजे तुम्ही त्यांच्या नावानं धरलेल्या उपासांनीही नाही, स्पष्टच सांगतो.

करिंथकरांस पहिले पत्र ७:१४ मध्ये विश्वासी बायकोमुळं नवरा पवित्र झालाय असं पौल म्हणतो. तो तरला असं मात्र नाही; दोनच ओळींनंतर तोच विचारतो, तू नवऱ्याला तारशील हे तुला काय ठाऊक?

येशूचा शिष्य पेत्र सांगतो, न बोलता, वागण्यानं जिंका. आमच्या मंडळीतल्या काही भगिनी जेवणावर नवऱ्याला चर्चमधला अख्खा संदेश ऐकवतात. बिचारा भाकरी खाणार की पश्चात्ताप करणार! तुम्ही त्यांची न्याहारी बांधून द्या आणि उपासनेला या. नाताळात गाणी गात कॅरलवाली मुलं गल्लीत येतील, तेव्हा चहा नवऱ्याच्याच हातून द्यायला लावा.