केंद्रकं मोजणारी स्क्रिप्ट दुसऱ्याच्या हाती देताना

चि. संशोधकास,
अनेक आशीर्वाद.

डॅपीने (डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने) रंगवलेल्या पेशींच्या प्रतिमांमधली केंद्रकं मोजणारी तुझी पायथॉन स्क्रिप्ट तुझ्या संगणकावर नीट चालते. ती गिटहबवर (कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर) टाकून सगळ्यांना मोकळी करायची तुझी इच्छा आहे, ती जरूर पूर्ण कर. मात्र कोड सगळ्यांना दिसला म्हणजे सगळ्यांना वापरता आला, असं होत नाही. तुझ्या स्क्रिप्टमध्ये कुठेही न लिहिलेली बरीच गृहीतकं दडलेली आहेत. तुझ्या सूक्ष्मदर्शकापुरती ती खरी आहेत. दुसऱ्याच्या प्रतिमेवर ती मोडतील आणि मोडताना आवाजही करणार नाहीत. उत्तर म्हणून आकडा येईल, फक्त तो चुकीचा असेल. म्हणून ही गृहीतकं एकेक करून उघड्यावर आण, खरं काम ते आहे.

आधी पिक्सेलचा प्रकार बघ. ८ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकांत २०० आणि १०० मिळवले तर नम्पाय (पायथॉनचं आकडेमोडीचं पॅकेज) ४४ देतं, कारण २५५ नंतर गणती पुन्हा शून्यापासून सुरू होते. पार्श्वभूमी वजा करताना १० मधून १२ गेले की २५४ उरतात आणि काळोख हवा तिथे पांढरे ठिपके उमटतात. म्हणून आकडेमोडीआधी प्रतिमा फ्लोटमध्ये (दशांश संख्यांत) ने. पण तिथेही एक खड्डा आहे. १२ बिटांच्या कॅमेऱ्याची प्रतिमा बहुधा १६ बिटांच्या टिफ फाइलमध्ये साठवलेली असते, तिची कमाल किंमत ४०९५. सायकिट-इमेज या पायथॉनच्या प्रतिमा-पॅकेजचं फ्लोटमध्ये नेणारं फंक्शन भागतं ६५५३५ ने. म्हणजे सगळ्यांत उजळ पिक्सेलसुद्धा ०.०६२५ च्या आतच राहतो. तुझ्या स्क्रिप्टमधला ‘०.३ च्या वर ते केंद्रक’ हा हाताने लिहिलेला थ्रेशोल्ड अशा प्रतिमेत एकही केंद्रक शोधणार नाही.

त्याऐवजी ओत्सूची १९७९ ची पद्धत वापर. ती थ्रेशोल्ड प्रतिमेच्या हिस्टोग्रामवरूनच (कोणत्या उजळपणाचे किती पिक्सेल, या आलेखावरूनच) काढते. तिचीही एक खोड आहे. काचेवरच्या ज्या भागात पेशीच नाहीत, तिथेही ती थ्रेशोल्ड देतेच. नुसत्या गोंगाटाचे दोन भाग पाडते आणि मग शेकडो कण ‘केंद्रकं’ म्हणून मोजले जातात. म्हणून थ्रेशोल्डच्या वरच्या आणि खालच्या पिक्सेलांच्या सरासरीत किमान किती फरक हवा, हे वापरणाऱ्याला ठरवू दे. तेवढा फरक नसेल तर शून्य परत कर आणि सोबत इशाराही दे.

यापुढची गोष्ट सगळ्यांत जास्त घात करते: लांबी आणि क्षेत्रफळ पिक्सेलमध्ये लिहिणं. ६.५ मायक्रॉनचा पिक्सेल असलेला कॅमेरा २० पटीच्या ऑब्जेक्टिव्हवर लावला, आणि मध्ये दुसरं भिंग नसलं, तर एक पिक्सेल म्हणजे नमुन्यावरचे ०.३२५ मायक्रॉन. ४० पटीला ते ०.१६२५ होतात. १० मायक्रॉनचं केंद्रक पहिल्या प्रतिमेत सुमारे ३१ पिक्सेल रुंद, दुसरीत सुमारे ६२. तुझी ‘१०० पिक्सेलपेक्षा लहान ते कचरा’ ही अट पहिलीत १०.६ चौरस मायक्रॉनखालचं सगळं काढते, दुसरीत फक्त २.६ खालचं. चिकटलेली केंद्रकं वॉटरशेडने (प्रतिमेला डोंगर-दऱ्या मानून वस्तू वेगळ्या करणाऱ्या पद्धतीने) सोडवताना दोन शिखरांमधलं किमान अंतर तू १० पिक्सेल धरलं आहेस. ४० पटीला तेच अंतर अर्धं पडतं आणि एकेका केंद्रकाचे तुकडे होऊ लागतात. म्हणून सगळी मापं मायक्रॉनमध्ये घे, पिक्सेलचा आकार वेगळा माग, आणि तो दिला नसेल तर फंक्शनने अंदाज न बांधता थांबायला हवं. त्रिमितीय संचात दोन पातळ्यांमधलं अंतर पिक्सेलच्या रुंदीपेक्षा बहुधा मोठं असतं. तेव्हा तिन्ही दिशांची मापं वेगवेगळी घे, आणि अक्षांचा क्रम (पातळी, ओळ, स्तंभ) दस्तऐवजात स्पष्ट लिही.

डिफॉल्टवर (न सांगता धरल्या जाणाऱ्या पर्यायांवर) विसंबू नकोस. सायपाय या पायथॉन पॅकेजचं, जोडलेल्या पिक्सेलांना लेबल (क्रमांक) लावणारं फंक्शन द्विमितीय प्रतिमेत फक्त कडेने लागलेले ४ शेजारी धरतं; सायकिट-इमेजचं फंक्शन कोपऱ्याने लागलेलेही धरतं, म्हणजे ८. कोपऱ्याने टेकलेले दोन ठिपके एकाच्या हिशेबी दोन, दुसऱ्याच्या हिशेबी एक. प्रतिमा मऊ करणाऱ्या गॉसियन फिल्टरमध्येही तसंच: प्रतिमेच्या कडेपलीकडे काय धरायचं, याचा सायपायचा डिफॉल्ट वेगळा आणि सायकिट-इमेजचा वेगळा. दोन्ही ठिकाणी निवड स्वतः लिहून टाक. फिजी या प्रतिमा तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये तुझं उत्तर कोणी पडताळून पाहणार असेल तर बायनरी पर्यायांमधली ‘ब्लॅक बॅकग्राउंड’ची खूण कशी ठेवायची तेही सांग, ती उलटी असली की पार्श्वभूमीच वस्तू म्हणून मोजली जाऊ शकते.

आता रचना. मुख्य फंक्शन फाइल उघडणार नाही, आलेख दाखवणार नाही, मूळ ॲरे (पिक्सेलच्या आकड्यांची मांडणी) बदलणार नाही. ॲरे, पिक्सेलचा आकार आणि मापं आत. लेबल-प्रतिमा (प्रत्येक केंद्रकाला वेगळा क्रमांक दिलेली) आणि मोजमापांचा तक्ता बाहेर. फाइल वाचणं वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेव. प्रतिमा-विश्लेषणाचं इमेजजे हे सॉफ्टवेअर याचं चांगलं उदाहरण आहे. वेन रासबँड यांनी १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी एनआयएच इमेज सुरू केलं आणि १९९७ मध्ये जावात इमेजजे आणलं. त्यात प्लगइनचा सांधा छोटा ठेवलेला आहे, त्यामुळे मूळ कार्यक्रमाला हात न लावता कोणालाही आपला भाग जोडता येतो. फिजी याच पायावर उभं आहे. तुझं फंक्शनही असंच कुठेही बसेल असं हवं. ते स्वच्छ ॲरे घेत असेल तर उद्या नपारी या प्रतिमा-दर्शकाच्या प्लगइनमध्ये किंवा दुसऱ्याच्या पाइपलाइनमध्ये सहज जाईल. आणि लिहिण्याआधी हे काम सेलप्रोफायलर (पेशी मोजणारं सॉफ्टवेअर) किंवा सायकिट-इमेजमध्ये आधीच झालंय का, ते नक्की बघ. झालेलं पुन्हा लिहिण्यापेक्षा तिथली उणीव भरून काढणं जास्त उपयोगाचं.

चाचणीसाठी खऱ्या प्रतिमा लगेच लागत नाहीत. १० पिक्सेल त्रिज्येचं पांढरं वर्तुळ काढ. सूत्राने क्षेत्रफळ ३१४.१६ येतं. प्रत्यक्षात परिघावर नेमके पडणारे १२ पिक्सेल धरले तर ३१७, सोडले तर ३०५. तुझ्या चाचणीने यातला कोणता आकडा अपेक्षित धरला आहे, ते लिही. मग दोन वर्तुळं एकमेकांत थोडी घुसव, थोडा गोंगाट मिसळ, एक प्रतिमा पूर्ण काळी ठेव, एक पूर्ण पांढरी. या चार चाचण्या बऱ्याच चुका घरातच पकडतील. लेबल-प्रतिमा लहान-मोठी करताना मात्र जवळच्या पिक्सेलचीच किंमत घे. नाहीतर ३ आणि ७ या लेबलांच्या सीमेवर ५ नावाचं, कधीच नसलेलं केंद्रक जन्माला येईल.

संगणकाच्या मेमरीचा हिशेबही दस्तऐवजात असू दे. २०४८ × २०४८ ची १६ बिटांची एक प्रतिमा ८ एमबी, ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये ती ३२ एमबी. १०० पातळ्या असतील तर ३.२ जीबीच्या घरात, आणि मधल्या पायऱ्यांच्या प्रती वेगळ्या. ८ जीबीच्या लॅपटॉपवर हे अडतं. ३२ बिटांचा फ्लोट निम्म्यात भागवतो आणि मोजणीसाठी पुरतो.

परवाना फाइल पहिल्याच दिवशी टाक. परवाना नसलेला कोड दिसत असला तरी कायद्याने तो वापरायची परवानगी कोणाला मिळत नाही. एमआयटी किंवा तीन कलमी बीएसडी हा मोकळा परवाना निवड. सायकिट-इमेजचाही बीएसडीच आहे. जीपीएल (पुढचा कोडही त्याच परवान्याखाली ठेवायला लावणारा परवाना) असलेल्या कोडचा तुकडा उचलला असेल तर मात्र ही मोकळीक राहत नाही. लागणाऱ्या पॅकेजांच्या आवृत्त्या नोंद. नम्पायने ‘एनपी.इंट’ हे टोपणनाव १.२० मध्ये कालबाह्य ठरवलं आणि १.२४ मध्ये काढून टाकलं. ज्यांनी आवृत्तीची मर्यादा लिहिली नव्हती, त्यांच्या वापरकर्त्यांची चालती स्क्रिप्ट एका अपडेटने बंद पडली. प्रत्येक आवृत्ती झेनोडो या संशोधन-साठ्यावर ठेवून तिचा डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) घे, म्हणजे शोधनिबंधात नेमकी कोणती आवृत्ती वापरली ते सांगता येतं.

हे झालं की एक परीक्षा घे. विंडोज असलेल्या दुसऱ्या संगणकावर ‘नमुने’ असं देवनागरी नावाचं फोल्डर कर, त्यात प्रतिमा टाक आणि स्क्रिप्ट चालव. तू प्रतिमा वाचायला ओपनसीव्ही हे पॅकेज वापरतोयस. विंडोजवर अशा नावांशी ते अडखळतं आणि स्क्रिप्ट न थांबवता रिकामं उत्तर देतं. शिवाय पर्याय न सांगितल्यास १६ बिटांची प्रतिमा ८ बिटांची करून वाचतं. वाचण्याचं काम टिफफाइल पॅकेजकडे दे, आणि हाती रिकामं आलं तर फाइलचं नाव दाखवून थांबव. मग ती चाचणीची वर्तुळं आणि सुधारलेला कोड मला पाठव.

तुझा शुभेच्छुक