हमिंगबर्डला शिंजीर म्हणावं का?

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलंय: मुलीसोबत अंगणातल्या पक्ष्यांची वही मराठीत लिहायची आहे, तर रूबी-थ्रोटेड हमिंगबर्डला ‘शिंजीर’ आणि डाउनी वुडपेकरला ‘सुतार’ लिहिलं तर चालेल का?

सुतार बिनधास्त लिहा. तो त्याच कुळातला, आपल्याकडच्या मराठा सुताराचा भाऊबंदच. शिंजीर मात्र नको. दोघंही चिमुकले, झळझळीत, फुलातला मध पिणारे, म्हणून गल्लत होते. पण शिंजीर चिमण्या-कावळ्यांच्या गणातला, आणि हमिंगबर्डची जवळीक पाकोळीशी. हमिंगबर्ड दोन्ही अमेरिका आणि आसपासच्या बेटांबाहेर कुठेच नाही, त्यामुळे त्याला जुनं मराठी नावही नाही. ‘गुंजनपक्षी’ हा घडवलेला शब्द मला मनापासून आवडतो. भुंग्याचं गुंजन पंखांचं, याचंही पंखांचंच. सेकंदाला पन्नासेक वेळा फडफडतात ते. रूबी म्हणजे माणिक, तेव्हा वहीत ‘माणिककंठी गुंजनपक्षी’ लिहा. फक्त मुलीला सांगून ठेवा, की गळ्याचं माणिक नरालाच असतं आणि तेही उजेड नीट पडला तरच पेटतं. एरवी गळा काळाच दिसतो.

आता ‘डाउनी’. इथे मराठी अगदी नेमकी आहे. पाठीवरच्या पांढऱ्या पट्ट्यातली पिसं मऊ म्हणून हे नाव पडलं, आणि शास्त्रीय नावातल्या ‘प्युबेसेन्स’चा अर्थही लव असलेला. भेंडीवर असते, गालावर असते, तीच लव. म्हणून ‘लवदार सुतार’. त्याच्यासारखाच दिसणारा पण थोराड, लांब चोचीचा हेअरी वुडपेकर तुमच्याकडे येत असेल, तर तो ‘केसाळ सुतार’. लवदार जेमतेम 14 ते 17 सेंटिमीटर, उत्तर अमेरिकेतला सर्वांत लहान सुतार. तरी वजनात तीनेक ग्रॅमच्या माणिककंठीच्या सात-आठ पट. जिभेच्या बाबतीत मात्र दोघांचं विलक्षण साम्य आहे: जिभेला आधार देणारी हाडं कवटीला मागून वळसा घालून वर येतात, म्हणून जीभ चोचीबाहेर लांबवर जाते.

क्रियापदही जपा. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात ‘हमिंगबर्ड फुलावर घिरट्या घालतो’ असं आहे. घिरट्या घारीच्या, त्यात गोल फिरणं आलं. हा जागचा हलत नाही. ‘फुलासमोर हवेत थबकून मध पितो’ असं लिहा. आणि सुतार नुसता ‘टोचत’ नाही, तो खोड टोकरतो.