अडचणीचा कागद आधी छापायचा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला प्रश्न एक आहे आणि तुझी खरी अडचण दुसरीच आहे. गट महिलांसाठी राखीव सुटला, साहेबांनी जिल्हा परिषदेचं तिकीट देऊ केलं, इकडे प्रबंध अर्ध्यावर आहे. तर राजकारण करू की इतिहास, असं तू विचारतेस. याचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंस की साहेबांच्या पूर्वजांनी वतन बळकावल्याचा तो महजर, म्हणजे गावसभेचा तो जुना निवाडा, 'निवडणूक होईपर्यंत बाजूला ठेवते'. माझं सगळं लक्ष तिथेच अडकलं आहे.

बाजूला ठेवलेला कागद पुन्हा वर येत नाही, मुली. निवडणुकीनंतर सभापतिपदाची निवड असते, मग बाजार समिती, मग विधानसभेची चाचपणी. कागद छापायला सोयीचा मुहूर्त राजकारणात कधीच निघत नाही.

एकाच माणसाला दोन्ही जमतं का, ही शंका असेल तर ओडिशाचे मुख्यमंत्री आणि इतिहासकार हरेकृष्ण महताबांचं चरित्र बघ. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही आणि ते मला मनापासून खटकतं. 1942 च्या ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह नगरच्या किल्ल्यात जे बारा जण डांबले गेले, त्यांत शंकरराव देव होते आणि हे ओडिशातल्या बालेश्वरकडचे महताबही होते. त्या कैदेत नेहरूंनी भारताचा शोध घेतला हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. त्याच भिंतींआड महताबांनी ओडिशाचा इतिहास लिहिला, हे नगरच्या माणसालाही सांगावं लागतं. पुढे 1946 मध्ये ते प्रांताचे पंतप्रधान झाले (तेव्हा मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत), 1956 मध्ये पुन्हा मुख्यमंत्री. आणि त्या इतिहासाची इंग्रजी आवृत्ती 1959-60 मध्ये दोन खंडांत निघाली तेव्हा ते खुर्चीवरच होते. त्याआधी विशीत कॉलेज सोडून असहकारात उतरलेला हा माणूस तिशीच्या आत बालेश्वरच्या जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष होता. म्हणजे तू आज जिथे उभी आहेस, तिथूनच त्यांनी सुरुवात केली.

पण मला त्यांच्या पदांचं कौतुक सांगायचं नाही. त्यांचं एक काम तू नीट बघावंस असं वाटतं. ओडिशातल्या संस्थानांत रयतेवर काय चाललंय हे तपासायला एक समिती नेमली गेली. अध्यक्ष महताब, सदस्यांत बलवंतराय मेहता. (पंचायत राज्याचा 1957 चा अहवाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो, तेच. तू ज्या सभागृहात जायला निघालीस त्याचं मूळ तिथवर जातं.) वेठबिगार, राजाच्या घरच्या लग्नाकार्याला रयतेकडून उकळलेल्या पट्ट्या, राजांच्या सनदा, असं सगळं कागदावर आणून 1939 मध्ये अहवाल आला. राजे खवळले. आणि 1947 च्या डिसेंबरात सरदार पटेल कटकला येऊन राजांना विलीनीकरणावर सह्या करायला लावतात, त्याच्या आठ वर्षं आधी हा पुरावा बांधून तयार होता. आधी कागद, मग सत्ता. उलट्या क्रमाने गेलीस तर कागद सत्तेचा नोकर होतो.

आता याच माणसाची दुसरी बाजू. 1 जानेवारी 1948 ला त्या संस्थानांचा कारभार ओडिशाने हातात घेतला. त्याच दिवशी त्यांतल्याच खरसावाँ संस्थानाच्या आठवडे बाजारात विलीनीकरणाला विरोध करायला जमलेल्या आदिवासींवर ओडिशाच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. किती मेले याचे आकडे आजही जुळत नाहीत. सरकार महताबांचं होतं. काही महिन्यांत खरसावाँ आणि सराइकेला बिहारकडे गेली. पुढे हिराकूड धरण झालं, 1957 मध्ये नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं, आणि महानदीच्या फुगवट्याखाली गावंच्या गावं गेली. लाखाहून अधिक माणसं उठली. तेव्हाही मुख्यमंत्री तेच.

मी त्यांना मोठा माणूस मानतो. आणीबाणीत, पंच्याहत्तरी उलटल्यावर, विरोध करून पुन्हा तुरुंगात जाणारा माणूस मोठाच असतो. पण त्यांच्या कारकिर्दीचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने सुरुवात खरसावाँच्या बाजारापासून करावी, त्यांच्या गौरवग्रंथापासून नव्हे. त्यांच्यावर प्रेम असेल तर जास्तच. अडचणीचा कागद आधी.

आपल्याच घरातलं घे. 1955-56 मध्ये महताब मुंबई राज्याचे राज्यपाल होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर पडत होते आणि राजभवनात कोण, तर भाषेच्या आधारावर 1936 मध्ये झालेल्या पहिल्या प्रांताचा इतिहासकार! त्या महिन्यांबद्दल त्यांचं म्हणणं हा एक कागद, मोरारजींचं दुसरा, एस. एम. जोशींचं तिसरा, पोलिसांची दप्तरं चौथा. यातला जो उघडायला तुझा हात कचरेल तो पहिला उघड.

आणि ओडिशाचा इतिहास वाचताना आपल्यालाही सुटका नाही. 1751 ते 1803 तिथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. जगन्नाथाच्या देवळाकडे त्यांनी लक्ष पुरवलं, कोणार्कचा अरुणस्तंभ त्यांच्याच काळात पुरीच्या सिंहद्वारासमोर आला, हे आपण अभिमानाने सांगतो. मग बंगालात पोरांना झोपवताना बर्गी, म्हणजे लुटारू मराठे घोडेस्वार, आल्याची गाणी का म्हणतात, हेही त्याच दमात सांगायला हवं. मी व्याख्यानांत सांगतो. लोक उठून जातात. जाऊ देत.

तुझा महजर मी फोटोत पाहिला. पट्ट्या डकवून केलेला लांबलचक कागद, जोडांवर शिक्के, खाली गोतातल्या, म्हणजे निवाड्याला बसलेल्या गावसभेतल्या, माणसांच्या निशाण्या: पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, न्हाव्याचा आरसा. लिहिता न येणारी ही माणसं भर सभेत देशमुखाच्या तोंडावर खरं बोलली आणि खाली निशाणी करून गेली. त्यांना गावात राहायचं होतं, त्याच देशमुखाच्या हद्दीत. तुझ्यावर तर फक्त तिकिटाचं संकट आहे. तू लिहितेस, 'आत्ता छापला तर विरोधक वापरतील.' वापरू देत. खरा आहे ना? शिक्के तपासलेस ना? मग कोण वापरतो हा तुझा विचार नव्हे.

माझं तिकीट कसं कापलं गेलं ते तुला कुणीतरी सांगितलं असेलच, आणि 'म्हातारा हट्टी' असंही. तालुक्याचा इतिहास छापला तेव्हा एका नेत्याच्या घराण्याचा कागद मी गाळला नाही. यादीतून नाव गेलं. लोक एवढंच सांगतात. पण त्याच पुस्तकात माझ्या पणजोबांनी गायरान लाटल्याचा कागद मी पहिल्या प्रकरणात घातला होता, आणि माझे सख्खे चुलते त्यावरून वारेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, हे कुणी सांगत नाही. पुढे बंधाऱ्याच्या पाणीपाळीवरून दोन गावं हातघाईवर आली तेव्हा दोन्हीकडच्यांनी माझंच पुस्तक प्रमाण मानलं. स्वतःच्या घरचं झाकलं नाही तो आमचंही फिरवणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. झेडपीत पाच वर्षं बसून मला ही पत मिळाली नसती. दुसरा खंड मात्र सोसायटी आणि कोर्टकचेऱ्यांत राहून गेला, आणि ते दुःख मोठं आहे. रोज पहाटेचे दोन तास मी कार्यकर्त्यांना देऊन टाकले. तू देऊ नकोस. दार लावून घे, फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

तर निवडणूक लढव. प्रबंधही पूर्ण कर. मधला मार्ग शोधत बसू नकोस, दोन्ही पुरे कर. महजराचं लिप्यंतर उमेदवारी अर्ज भरायच्या आधी प्रसिद्ध व्हायला हवं. छापायला देण्यापूर्वी एक प्रत घेऊन स्वतः साहेबांकडे जा. माणूस जुन्या वळणाचा आहे, पाठीमागून कळलं तर दुखावेल, समोरून सांगितलंस तर निदान ऐकून घेईल. त्यांच्याच घराण्याने दुष्काळात धान्याचं पेव उघडल्याची नोंद दप्तराच्या पुढच्या रुमालात, कागदांच्या गाठोड्यात, आहे, तीही त्यांना दाखव. पण ती मिळाली म्हणून महजर मवाळ करायचा नाही.

तिकीट कापलं तर अपक्ष भर. डिपॉझिटचं मी बघतो. आणि प्रचाराला वाड्यावस्त्यांवर मला ने. चालवत नाही फार, पण गाडीत बसून माइकवर बोलता येतं अजून.

तुझा,
सर