एक्स-रे साफ, तरी पाय दुखतोय

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

जूनपासून तू कॉलेजला साताऱ्यात राहायला येणार, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुझ्या ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टाच्या, म्हणजे जन्मजात ठिसूळ हाडांच्या आजाराच्या फायलीत एक्स-रे ढीगभर आहेत, टेंडनबद्दल मात्र एक ओळ नाही. बहुतेकांच्या फायलीत नसतेच. स्नायूला हाडाशी जोडणारा हा पांढरा पट्टा मुख्यतः टाइप वन कोलॅजेन या प्रथिनाचाच बनतो, आणि तुझा जनुकीय दोष नेमका त्याच कोलॅजेनमध्ये आहे. म्हणून ‘फ्रॅक्चर नाही’ म्हटल्यावर विषय संपत नाही. झोलेड्रोनेट या हाडांच्या औषधाच्या सलाइनवरही इथे भिस्त ठेवू नकोस. ते हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरतं. टेंडनला त्याने बळ येत नाही. कोलॅजेन पावडरीचे डबे तर घेऊच नकोस. पोटात ते पचून जातं आणि शरीर पुन्हा आपल्याच जनुकाप्रमाणे कोलॅजेन बनवतं.

सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलंय, रस्ते चढउताराचे. चढताना टाचेमागचा अकिलीस टेंडन ताणला जातो, उतरताना गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनवर भार येतो. त्यातून तुझे घोटे आत कलतात, म्हणजे अकिलीसवर तिरका ताण. चप्पल घरात ठेव, कोल्हापुरीसुद्धा. बुटाचा टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबून बघ, दबला तर तो बूट तुझ्या कामाचा नाही. आत तळव्याच्या कमानीला आधार देणारा सोल घाल. पहिले दोन आठवडे चढाच्या रस्त्याला रिक्षा कर. लाज कसली त्यात?

होस्टेलची खोली घेताना कमोड आहे का ते आधी विचार. उकिडवं बसून झटक्यात उठणं गुडघ्याला महागात पडतं. जमिनीवरून उठताना तळहातांवर जोर देऊन शरीर वर ढकलू नकोस. तुझ्या प्रकारात वाढीच्या वयात ट्रायसेप्सच्या, म्हणजे दंडामागच्या स्नायूच्या ओढीने कोपराचं टोकच तुटून सुटू शकतं, आणि एका हाताला झालं की दुसऱ्यालाही होण्याचा धोका बराच असतो. हात डोक्यावर नेऊन कोपर सरळ करता येत नसेल तर दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढायला सांग.

आता व्यायाम. तुझे सांधे सैल आहेत, त्यामुळे योगाच्या वर्गात तुझं कौतुक होईल, ‘किती लवचिक!’ म्हणून. त्या कौतुकाला भुलू नकोस. तुला ताणायचं नाही, बळकट करायचंय. भिंतीला हात टेकवून सपाट जमिनीवर दोन्ही टाचा उचल, ३० सेकंद धर, मग दोन मिनिटं विश्रांती. असं पाच वेळा, एक दिवसाआड. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं तर थांब. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच जास्त आखडली, तर पुढच्या वेळी वेळ निम्मी कर. तीन आठवडे नीट गेले की तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, आठ-आठच्या तीन फेऱ्या. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायचा प्रकार इतरांसाठी ठीक, तुझ्यासाठी नाही. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, टेंडनला किमान तीन महिने लागतात. बहुतेक जण ‘आता जोर आला’ म्हणून सहाव्या आठवड्यात वजन वाढवतात आणि तिथेच फसतात.

प्लास्टर किंवा बिछान्यानंतर गोष्ट उलटी होते: स्नायू आखडतात, कंबर पुढे वाकलेली राहते. तेव्हा रोज २० मिनिटं पालथं झोपायचं, बास. दुसऱ्या कुणाला पाय ओढू द्यायचा नाही.

औषधांचं नीट लक्षात ठेव. मेसच्या जेवणाने जुलाब झाले की ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी सर्रास हातात पडते. ओफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही एकाच कुळातली अँटिबायोटिक्स. त्यांनी टेंडन तुटू शकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला. ‘मला टेंडनचा धोका आहे, दुसरं काही चालेल का?’ एवढंच डॉक्टरांना विचार. फायलीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहूनच ठेव. टेंडनजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शनही टाळायचं.

चालताना मागून कुणी काठी मारल्यासारखं वाटलं आणि मागे कुणीच नसलं, तर अकिलीस तुटला असं धर. पाऊल थोडं खाली दाबता येतं, कारण बाकीचे स्नायू काम करत असतात. म्हणूनच त्याला मुरगळणं समजून सोडून देतात. पालथं झोप, मैत्रिणीला पोटरी हलकेच दाबायला सांग. पाऊल हललं नाही तर त्यावर भार टाकू नकोस. बोटं खाली झुकलेल्या स्थितीत पाय बांधून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन तुटला असेल तर पाय सरळ ठेवून उचलता येणार नाही. हाड बसवणाऱ्याकडे कुणी आग्रहाने नेत असेल तर ठाम नाही म्हण. तिथे ओढतील, चोळतील, आणि अर्धा तुटलेला पूर्ण तुटेल.

पहिल्या महिन्यानंतर सकाळी टाच किती वेळ आखडलेली राहते, ते मिनिटांत लिहून पाठव.

तुझा,
दादा